एक दिसते की दोन?

जीपमधून बॅग ओढत उतरले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती आणि क्वार्टरांच्या ओळीतलं एकूण एक दार बंद होतं. मे महिना! या वेळेला पठारावरची माणसं खाटा बाहेर टाकून वारा खात बसलेली असायची, पोरं गोंधळ घालायची. आज चिटपाखरू नव्हतं. वर पवनचक्क्यांची पाती घूंऽ घूंऽ करत फिरत होती, आणि मनोऱ्यांच्या टोकांना तांबडे दिवे लागत होते, विझत होते.

"काय हो, कर्फ्यू लागलाय का इथं?" मी जीपवाल्याला विचारलं. हा एरवी घाट चढताना तोंडाचा पट्टा बंद न करणारा माणूस. पण आज माझ्याकडे न बघताच गाडी वळवून गेला.

फक्त आक्काचं दार उघडं होतं. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, ओलं फडकं घेऊन उंबऱ्यासमोर उकिडवी बसली होती आणि फरशी घासत होती.

"अगं, तिन्हीसांजेला फरशी घासतात होय?"

ती दचकलीच. "कांचन? आलीस? थांब, कडेनं ये. त्याच्यावर पाय पडू देऊ नको."

मी वाकून बघितलं. रांगोळीचे ठिपके होते, अर्धे पुसलेले. चार ठिपक्यांचा चौकोन आणि त्याला तिघांची वाकडी शेपटी. सप्तर्षी! मीच शिकवलेले. मी कराडच्या शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या दिवाळीत आक्काच्या केतकीला, नऊ वर्षांच्या माझ्या भाचीला, मी तारे शिकवले होते. पावडरच्या डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडायची, आत टॉर्च लावायचा, की भिंतीवर मृग उगवतो. काळ्या कार्डपेपरवर बाजरीचे दाणे चिकटवायचे, की वृश्चिक होतो. अंगणात ठिपक्यांचे सप्तर्षी. पोरीनं सगळं टिपकागदासारखं शोषून घेतलं होतं.

"किती सुबक काढलेत. पुसतेस कशाला?"

"सुबक?" आक्काचा आवाज चिरकला. "नीट बघ. काय नाही ते बघ."

बघितलं. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला खेटून एक बारका ठिपका काढायचा असतो, अरुंधतीचा. दिवाळीत केतकी तो चिमटीतून इतका नाजूक सोडायची की मी तिचं बोट धरून मुका घेतला होता. आज तो नव्हता. वसिष्ठ एकटाच होता.

"विसरली असेल."

"ती विसरत नाही," आक्का म्हणाली.

तेवढ्यात दाराआडून केतकी बाहेर आली. वाळली होती. 'मावशी आली' म्हणून उडी नाही, बॅगेत हात घालणं नाही. सरळ माझ्यासमोर उभी राहिली. "मावशी, वर बघ. वसिष्ठाच्या जागी एक दिसते की दोन?"

आक्कानं झडप घालून तिच्या तोंडावर हात दाबला. "हिला नाही विचारायचं! हिला तरी सोड गं!"

मला हसूच आलं. मी मान वर केली. पठारावर आभाळ काय दिसतं म्हणून सांगू! सप्तर्षी डोक्यावर होते, आणि वसिष्ठाला बिलगून अरुंधती अगदी स्पष्ट. "दोन गं माझे बाई, दोन."

आक्कानं सुस्कारा सोडला. पण केतकीचा चेहरा पडला. खरंच सांगते, पोरीचा चेहरा उतरला. माझी अरुंधती मला दिसली याचं तिला वाईट वाटलं होतं. ती मुकाट्यानं आत गेली, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

रात्री भाकरी पुढ्यात घेऊन आक्कानं सगळं सांगितलं. शिमग्यानंतर खालच्या वाडीत एक लग्न होतं, तिथं केतकी गेली होती. लग्न लागल्यावर गुरुजींनी नवरा-नवरीला मांडवाबाहेर नेऊन अरुंधती दाखवली. शेजारी तात्या बसले होते. तात्या म्हणजे वाडीतून क्वार्टरांना दूध घालणारे म्हातारे. ते हिला म्हणाले, "पोरी, ज्याला अरुंधती दिसत न्हाय, त्येचं सहा म्हैन्यांत आटापलं म्हणून समज."

"म्हातारी माणसं म्हणतातच तसं," मी म्हटलं.

"ऐक तर. दुसऱ्या दिवसापासून हिचं सुरू झालं. अंधार पडला की एकेकाच्या दारात जाऊन उभी. वर बघा, एक दिसते की दोन. तात्यांना विचारलं, ते हसून म्हणाले, मला तर चंद्रबी दोन दिसत्यात. सकाळी त्यांच्या दारात ही रांगोळी. अरुंधती नसलेली. अन् पाडव्याच्या आत तात्या गेले."

"अगं, ऐंशीच्या पुढचे होते ते!"

"आणि मोहनराव? तेही ऐंशीचे?"

मोहनराव शेजारच्या क्वार्टरमधले, दाजींच्या बरोबरीचे टेक्निशियन. त्यांना एकच तारा दिसला. त्यांच्या दारात रांगोळी उमटली, आणि काही दिवसांनी ते मनोऱ्याच्या आतल्या शिडीवरून पडले. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून संध्याकाळ झाली की दारं बंद.

"आणि आज आपल्या दारात," आक्का म्हणाली. "कुणाची ते सांगत नाही. माझी का ह्यांची? कांचन, कुणाची गं?"

दाजी जेवण उरकून उठले. हात धुऊन आले आणि म्हणाले, "उद्याचा दिवस. परवा अमावास्या. वाडीच्या देवरुषाकडं न्यायचंय तिला."

"देवरुषाकडं? काय करणार तो?"

"मिरच्यांची धुरी देतो. अन् उलथनं तापवून..."

मी ताटावरून उठलेच. "शरम वाटत नाही दाजी? पोटची पोर आहे तुमची! मशीन शिकलेला माणूस तुम्ही, आणि नऊ वर्षांच्या लेकराला चटके देणार?"

"मला हौस आहे का?" ते एकदम ओरडले, मग आवाज खाली आणला. "माणसं माझ्याबरोबर वर चढायला तयार नाहीत. इंदूवहिनी, मोहनरावांची बायको, दारात येऊन हातापाया पडली, पोरीला आवरा म्हणून. साहेब म्हणाले, हे मिटवा नाहीतर क्वार्टर सोडा. मी काय करू, तूच सांग."

"उद्याचा दिवस मला द्या. मी काढून घेते तिच्या पोटातलं."

"काढ," दाजी म्हणाले. "पण परवा सकाळी जीप येणार."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी कोठीच्या खोलीची खिडकी गोणपाटानं झाकली. तोच जुना डबा, तोच टॉर्च. भिंतीवर तारे पडले. केतकी उठून भिंतीपाशी गेली आणि एकेका ताऱ्यावर बोट ठेवत गेली. मृग. त्याच्या पोटातला बाण. कृत्तिकांचा पुंजका. कुठं अडखळणं नाही. अंधारात तिच्या कपाळावर, गालावर भोकांचे उजेड सरकत होते. तिचा चेहरा मला ओळखू येईना.

"केतू, ती रांगोळी कुणाची होती?"

बोट थांबलं.

"आईची?"

ती भिंतीवरचा उजेड नखानं खरवडू लागली.

"बाबांची?"

"सांगितलं तर आई रडेल," ती म्हणाली आणि तिनं स्वतःच टॉर्च बंद केला.

बाहेरून पात्यांचा आवाज येत होता. खोटं कशाला बोलू, मी घाबरले होते. पंधरा वर्षं पोरं शिकवली, वांड पोरं शिकवली, पण शेजारी बसलेल्या लेकराची भीती वाटण्याची ती पहिलीच वेळ. मी तिला कुशीत ओढलं. ती आली, पण लाकडासारखी.

संध्याकाळी तिला गच्चीवर घेऊन गेले. काळा कार्डपेपर, खळ आणि वाटीभर बाजरी. मनात आलं होतं ते असं, की ही माझे पाठ घोकतेय. हिला स्वतःला वर काय दिसतंय ते एकदा बघू या. अरुंधती कुठं लावते, लावते की नाही, तेही कळेल.

"आज डब्यातलं नाही हं. मी शिकवलेलं विसर. वर बघायचं, आणि जे दिसतं तेवढंच कागदावर लावायचं."

"जे दिसतं तेवढंच?" तिनं दोनदा विचारलं.

"तेवढंच. शपथ."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "कुंकू लागेल."

"कुंकू कशाला?"

"तूच म्हणालीस ना, दिसतं ते."

मी खाली जाऊन कुंकवाची वाटी आणून दिली. ती माझ्याकडे पाठ करून बसली. मी चहा टाकायला पुन्हा खाली गेले. वर आले तेव्हा आभाळ चांदण्यांनी खच्चून भरलं होतं आणि केतकी कागद मांडीवर घेऊन वाट बघत बसली होती.

बाजरीची वाटी तशीच. एक दाणाही हललेला नव्हता. काळ्या कागदाच्या खालच्या अंगाला कुंकवाचे गोळे होते, पुरीएवढाले, ओळीनं. कडा फिसकटलेल्या, मधे गडद. त्याच्या वर सगळा कागद काळा. रिकामा.

माझ्या मागून आक्का चढून आली होती. तिनं खांद्यावरून वाकून बघितलं आणि किंकाळी फोडली. "डोळे! आई गं, डोळे काढलेत हिनं! अहो, वर या! हिला काय दिसतंय बघा!"

दाजी धावत आले. कागद बघितला आणि त्यांचे ओठ पांढरे पडले. "बास. उद्यापर्यंत नाही थांबायचं. मी आत्ता जीप बोलावतो." त्यांनी केतकीचा दंड धरला. पोर ओरडली नाही, रडली नाही. ठरलेलंच होतं असं उठून उभी राहिली.

"थांबा दाजी!"

"बाजूला हो, कांचन."

"थांबा म्हणते ना!" मी त्यांच्या आणि जिन्याच्या मधे उभी राहिले. हातात कागद होता. तीन गोळे, मग मोकळी जागा, मग पुन्हा दोन. असली ओळ मी आत्ताच कुठंतरी बघितली होती. मी मान वर केली आणि समोरच होती ती. कड्याच्या काठानं मनोऱ्यांवरचे तांबडे दिवे. तीन. मग दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला मनोरा, अंधारात. मग दोन.

पण ते दिवे केवढे? डाळिंबाच्या दाण्याएवढे.

"केतू, तो पहिला दिवा दिसतो तुला?"

"हो."

"केवढा दिसतो? हातानं दाखव."

तिनं दोन्ही हात पसरले. आरतीचं ताट धरावं तेवढे.

दाजींची पकड सुटली. मी खाली बसले, तिच्या डोळ्यांच्या पातळीला. "आणि चांदण्या? चांदण्या का नाही लावल्यास?"

"रागवणार नाहीस ना?"

"नाही गं सोन्या."

"मला नाही दिसत," ती म्हणाली. "कधीच नाही दिसल्या."

ती घाईघाईनं सांगू लागली, चोरी कबूल करावी तशी. "तू डब्यातले दाखवलेस ना, ते भिंतीजवळ गेलं की दिसतात. वरचे नाही दिसत. पण सगळे म्हणतात दिसतात, म्हणून मी पण म्हणायची. त्या लग्नात दुपार होती, मावशी. ऊन होतं! गुरुजी म्हणाले अरुंधती बघा, आणि नवरी म्हणाली दिसली. नवरा म्हणाला दिसली. सगळे हसत होते. मला वाटलं, सगळ्यांचं तसंच असतं. कुणालाच दिसत नसतात, नुसतं दिसली म्हणायचं असतं."

"मग?"

"मग तात्या म्हणाले, खरंच दिसत नाही तो मरतो. म्हणून मी सगळ्यांना विचारलं, आणखी कुणाला दिसत नाही का ते. तात्यांना दिसत नव्हती. मोहनकाकांना पण. बाकी सगळ्यांना दिसते." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुला दिसली नसती तर आपण दोघी असतो."

म्हणून चेहरा पडला होता!

"आणि रांगोळी गं?" आक्का जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. "दारोदार ती रांगोळी कशाला काढलीस?"

"जागा ठेवली होती. पाहुण्यांना आपण पाट मांडून ठेवतो ना, तशी. दारातली जागा मोकळी दिसली की अरुंधती येऊन बसेल. मग त्यांना दिसेल." ती जरा थांबली. "तात्यांच्याकडे नाही आली. आपल्या दारातली माझी होती, आई. तू पुसलीस."

आक्का मटकन खाली बसली. तिनं पोरीला ओढून घेतलं आणि जो हंबरडा फोडला, तो ऐकून इंदूवहिनी दार उघडून बाहेर आल्या. दाजी कठड्याकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. देवरुषाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

सकाळी ठरलेली जीप आली, ती आम्हाला कराडला घेऊन गेली. डॉक्टरांनी केतकीचे डोळे तपासले आणि मग आम्हालाच फैलावर घेतलं. "आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही?" काय सांगणार? शाळा वस्तीवरची, मूठभर पोरं, फळ्याला नाक लावून बसायची. पुस्तकात डोकं खुपसते म्हणून आम्ही तिचं कौतुकच करायचो.

चष्मा तयार व्हायला चार दिवस गेले. परत पठारावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. जीपमधून उतरून केतकी दोन पावलं चालली आणि थांबली. मान वर. तोंड उघडं. कितीतरी वेळ तिनं श्वास घेतलेला मला ऐकू आला नाही.

"एवढ्या?" ती शेवटी म्हणाली. "मावशी, तू तर थोड्याच सांगितल्या होत्यास."

मग तिनं बोटानं शोधलं. चौकोन, शेपटी, शेपटीतला मधला. "दोन! दोन आहेत! मावशी, दोन दिसतात!" पोर अशी नाचली, की मोहनरावांनी खाटेवरूनच विचारलं, काय झालं म्हणून. आक्का पिठाच्या हातांनी हसत बाहेर आली. केतकीनं तिला मिठी मारली. "आई, मी नाही मरणार! आई, तूच सांग आता, कुठल्या अंगाला आहे?"

"ही काय, इथं," आक्का म्हणाली आणि बोट वर केलं.

बोट रोखलं होतं तिथं सप्तर्षी नव्हतेच. तिथं काहीच नव्हतं. नुसतं काळं आभाळ.

मी बघितलं. केतकीनंही बघितलं, नव्या डोळ्यांनी, स्वच्छ. तिनं आईच्या बोटाकडे बघितलं, बोटाच्या पुढं बघितलं, मग आईच्या तोंडाकडे. मला वाटलं, आता ओरडते.

"बरोबर, आई," केतकी म्हणाली. "तीच."

आक्का खूश होऊन भाकरी टाकायला आत गेली. केतकीचा हात माझ्या हातात आला. मे महिन्यात तो गार पडला होता.

"केतू, ऐक," मी कानाशी बोलले, "तात्या म्हणाले तसं काही नसतं. मोहनकाका पडले ते नजर अधू म्हणून. आईलाही चष्मा लावू, झालं."

"हो," ती म्हणाली. इतके दिवस ज्या सुरात 'दिसली' म्हणत आली होती, अगदी त्याच सुरात.

आक्का काही चष्म्याला तयार झाली नाही. 'मला काय धाड भरलीय' म्हणाली आणि विषय संपवला. शाळा सुरू झाली, मी कराडला परतले. आक्काच्या पत्रांतून कळायचं, पोरगी पार चिकटगुंडा झालीय म्हणून. पाण्याला जाऊ देत नाही, शिडीवर चढू देत नाही, रात्री छातीवर हात टाकून झोपते. आक्का लिहायची, अगं आईवेडी झालीय नुसती. मी वाचायचे आणि त्या रात्री मला झोप यायची नाही. मी शिकलेली बाई, मला तसल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी गणपतीत आक्काला ताप आला म्हणून कळलं, तेव्हा मी वर्ग सोडून पहिली एसटी पकडली होती.

कार्तिकात एका सकाळी शाळेत माझ्यासाठी फोन आला. पठारावरच्या ऑफिसातून.

"मावशी, मी."

"केतू? काय गं, काय झालं?"

"आज झाले."

"काय झाले?"

"सहा महिने. काल रात्रीच झाले. पण मी सकाळपर्यंत थांबले."

"आई कुठाय?" मी विचारलं.

"कपडे वाळत घालतीये. मला ओरडतीये, फोनवर कुणाचं डोकं खातेस म्हणून." आणि मग ती रडायला लागली. बापानं दंड धरला तेव्हा न रडलेली ती पोर, फोनवर हमसून हमसून, मोठ्यानं, लहान मुलं रडतात तशी. मी तिला थांबवलं नाही. मागून वाऱ्याचा आवाज येत होता, आणि जरा लांबून आक्काची हाक.